वर्गात गाणं लावलं, पिक्चर दाखवला, झेरॉक्स वाटली... कॉपीराइटचा नेमका किती बाऊ करायचा?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. इथे मी जास्त करून वाचनमात्रच असते पण आज राहवत नाहीये म्हणून धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. गाव-बिव नको सांगायला. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी काढलं तसं मीपण यूट्यूब चॅनेल काढलं होतं ते अजून चालूय, सातशे-आठशे सबस्क्रायबर, त्यातले अर्धे आमचेच आजी-माजी विद्यार्थी. तर गेल्या महिन्यात नववीला एक कविता घेतली, तिचं जुनं गाणं आहे, ते वर्गात प्रोजेक्टरवर लावलं. मागच्या बाकावरचा एक जण जो वर्षभर तोंड उघडत नाही तो म्हणाला बाई परत लावा ना. इतका छान तास झाला म्हणून मी मोबाइलवर शूट केलेला तो तास तसाच्या तसा चॅनेलवर टाकला. दोन तासांत मेल आला, एका म्युझिक कंपनीचा कॉपीराइट क्लेम. कवी जाऊन शंभर वर्षं उलटून गेलीत हो!

मग मी मूर्खपणा केला, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. तिथून ते हेडसरांकडे, हेडसरांकडून संस्थेकडे, आणि कुणीतरी तो 'कॉपीराइट भंग केल्यास तीन वर्षे तुरुंगवास' वाला फॉरवर्ड टाकला. झालं. परवा सूचना वही फिरली: यापुढे वर्गात कोणतेही गाणे, चित्रपट वा चित्रफीत दाखवू नये, पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त कोणत्याही पुस्तकाची झेरॉक्स काढू नये, प्रश्नपत्रिकेत बाहेरचा उतारा घेऊ नये. सगळ्यांनी सह्या केल्या, मीपण केली. झेरॉक्सच्या खोलीची किल्ली शिपाई मामांकडे असायची ती आता हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये.

आता मला सांगा अपठित उतारा मी आणायचा कुठून? स्वतः लिहू? आणि गॅदरिंगला बारा नाच बसवलेत, मुलींनी ड्रेस भाड्याने सांगून ठेवलेत. खरंच कायदा इतका कडक आहे का? कुणी नीट सांगेल का, फॉरवर्ड नको प्लीज.

आगाऊ_कार्टं

बाई, प्रार्थनेला पेटी वाजवता का? पेटीवाल्याची परवानगी काढली का? 😀

सॉरी. पण प्रश्नपत्रिकेत उतारा नको हे वाचून चहा नाकात गेला. गंभीर प्रतिसाद देणारे येतीलच.

कायद्याचं_बोला

आलो. वकिली करतो, हा विषय रोजचा नाही पण थोडाफार केलाय.

खडूताई, पहिलं म्हणजे त्या सूचनेतलं जवळपास सगळं कायद्यात सरळसरळ चालतं असं लिहिलेलं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम ५२ म्हणजे 'या गोष्टी केल्या तर तो भंग धरायचा नाही' अशी लांबलचक यादी. तुमच्या कामाचे त्यातले दोन तुकडे. ५२(१)(आय): शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात कुठल्याही कृतीची प्रत काढली, ती परीक्षेच्या प्रश्नात वापरली, किंवा उत्तरात लिहिली, तर भंग नाही. 'कुठल्याही' हा शब्द बघा, पाठ्यपुस्तकातल्याच असं काही नाहीये. म्हणजे अपठित उतारा तर कायद्याने नाव घेऊन सोडलाय. हे हेडसरांना पहिलं दाखवा.

दुसरा ५२(१)(जे). शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक, गाणं, कविता सादर केली, किंवा सिनेमा वा रेकॉर्ड लावली, आणि प्रेक्षक म्हणजे शाळेचेच लोक, मुलांचे आईबाप-पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर तेही भंग नाही. वर्गात लावलेलं गाणं इथे बसतं. गॅदरिंगपण इथेच बसतं, मुलींना ड्रेस सांगू द्या.

तुरुंगवास म्हणाल तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड असं आहे, ते खोटं नाही. पण ते जाणूनबुजून भंग करणाऱ्याला. जे ५२ मध्ये बसतं तो मुळात भंगच नाही, मग ६३ पर्यंत जाणार कसं. फॉरवर्ड करणाऱ्याने ६३ वाचलं आणि अकरा आकडे मागे जायचा कंटाळा केला.

आता तुमचा व्हिडिओ. तिथे मात्र म्युझिक कंपनीचं चूक नाही. 'जे' मध्ये प्रेक्षकांना कुंपण आहे, शाळा आणि पालक. यूट्यूबवर टाकलं की कुंपण गेलं, जगातला कुणीही बघतो. वर्गात जे शंभर टक्के चालतं तेच अपलोडचं बटण दाबल्यावर वेगळं काम होतं, इतकंच लक्षात ठेवायचंय खरं तर.

खडूची_धूळ

बापरे इतकं स्पष्ट लिहिलंय? बीएडला आम्हाला हे कुणी एका ओळीनेसुद्धा सांगितलं नाही. पण कवी तर शंभर वर्षांपूर्वी गेलेत, मग क्लेम कसला?

तारीखपेतारीख

कारण एका गाण्यात तीन-तीन हक्क असतात. कवितेचे शब्द, चाल, आणि ती रेकॉर्ड. कवीचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षं. चालीचा हक्कही तसाच, फक्त संगीतकाराच्या आयुष्याला बांधलेला. रेकॉर्डचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुमच्या कवीचे शब्द कधीच मोकळे झालेत, ते तुम्ही स्वतःच्या चालीत म्हणा, छापा, टीशर्टवर घाला. पण संगीतकाराने लावलेली चाल नि गायिकेने गायलेली रेकॉर्ड त्याच्या कितीतरी नंतरची.

हे ६० वर्षंसुद्धा आपल्याकडे १९९२ पासून, आधी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर गेले १९४१ ला, म्हणजे १९९१ संपताना सगळं मोकळं होणार होतं, तेव्हा सरकारने घाईघाईत दहा वर्षं वाढवून दिली आणि ती फक्त त्यांना नाही सगळ्यांनाच मिळाली.

मराठीच्या शिक्षकांसाठी थोडा हिशोब मांडून ठेवतो, मला छंद आहे. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, भा. रा. तांबे, माधव जूलियन हे सगळे कधीचे मोकळे. साने गुरुजी १९५० ला गेले, १ जानेवारी २०११ पासून मोकळे. मर्ढेकर १९५६, म्हणजे २०१७ पासून. बहिणाबाईंचा हिशोब वेगळा कारण त्या १९५१ ला गेल्या आणि संग्रह आला १९५२ ला, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०१३. सावरकर १९६६, म्हणून १ जानेवारी २०२७. अत्रे १९६९, २०३० उजाडेल. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, त्यामुळे २०६०. तेव्हा मी नसेन बहुतेक.

सिनेमाला प्रसिद्धीपासून ६०. म्हणजे अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' २०१४ पासून मोकळा (२०२३ चा नवा तो वेगळा, त्यात गल्लत करू नका). प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' तर केव्हाच. पण अत्र्यांनी लिहिलेलं गाणं उचलून वेगळं वापरायचं असेल तर वरचं वाक्य परत वाचा, अत्रे २०३०.

आगाऊ_कार्टं

कवीपेक्षा त्याच्या वारसदारांनी जास्त वर्षं जगायचं ही योजना चांगलीय.

पत्रावळ

मी डीएड करून झेडपीत आहे. तो क्लेम आणि स्ट्राइक एकच का? आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींचं चॅनेलच उडालं म्हणतात, घाबरून आम्ही चार जणांनी सगळे व्हिडिओ काढून टाकले, दोन वर्षांची मेहनत होती त्यात.

कायद्याचं_बोला

नाही हो, एकच नाही. क्लेम मशीन लावतं, गाण्याचा ठसा जुळला की आपोआप. तेव्हा फार तर जाहिरातीचे पैसे हक्कवाल्याकडे जातात, किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही नाहीतर पूर्ण ब्लॉक होतो, चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कवाल्याने रीतसर नोटीस पाठवून व्हिडिओ उतरवायला लावला. तो ९० दिवसांनी जातो, पण मुदतीत तीन जमले तर चॅनेल बंद होऊ शकतं. खडूताईंना आलाय तो क्लेम. एडिटरमध्ये जाऊन तेवढा गाण्याचा भाग म्यूट केला की विषय संपतो.

आणि हो, 'अनलिस्टेड करून टाकते म्हणजे सापडणार नाही' हा उपाय बरेच जण करतात, तो चालत नाही, मशीन अनलिस्टेड आणि प्रायव्हेट व्हिडिओपण तपासतं. त्यापेक्षा स्वतःचं शिकवणं टाका आणि गाणं जिथे अधिकृत आहे तिथली लिंक खाली द्या.

सायलेन्स_झोन

एक शंका. अमेरिकन साइटवर वाचलं की ३० सेकंदांपर्यंत किंवा १० टक्क्यांपर्यंत फेअर यूज (म्हणजे परवानगी न घेता चालणारा रास्त वापर) असतो. मग बाईंनी २९ सेकंद लावायचं ना.

हडसनपलीकडे

अमेरिकेतून बोलतो कारण हा समज इकडूनच निर्यात झालाय. ३० सेकंद वगैरे असा नियम इथल्याही कायद्यात कुठे नाही. इथल्या कलम १०७ मध्ये चार गोष्टी तोलायच्या असतात: वापर कशासाठी, मूळ कृती कसली, किती घेतली, आणि मूळच्या धंद्यावर काय परिणाम. आकडा नाही. सगळं कोर्टाच्या तराजूवर. त्यामुळे 'फेअर यूज आहे' असं व्हिडिओखाली लिहिलं म्हणजे कवच मिळालं असं नसतं, आणि आपले मराठी यूट्यूबर ते वाक्य गणपतीला नारळ वाहावा तसं वाहतात.

वर्गापुरती इथेही वेगळी सूट आहे, ना-नफा शिक्षणसंस्थेत, समोरासमोर शिकवताना, प्रत सरळ मार्गाने आलेली असेल तर पिक्चर दाखवता येतो. आमची रविवारची मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम, चर्चचा हॉल भाड्याने, चाळीस पोरं. आम्ही त्यात बसतो का यावर आमच्या कमिटीत दोन वर्षं काथ्याकूट चालू आहे. २००२ ला ऑनलाइन शिकवण्यासाठी वेगळा कायदा आला पण तो मान्यताप्राप्त संस्थांना, म्हणजे झूमवर घ्यायचो तेव्हा आमचे वांधेच. तुमचं ५२ वाचून हेवा वाटला खरं सांगतो.

कायद्याचं_बोला

म्हणूनच मी फेअर यूज शब्द वापरत नाहीये. आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहे, ते कलम ५२(१)(ए), खाजगी वापर-संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडी एवढ्यापुरतं. शिक्षणाचं पोटकलम त्याहून वेगळं, स्वतंत्र आहे. तिथे 'फेअर' हा शब्दपण नाही. नेमका ह्याच फरकावर दिल्लीत पाच वर्षं केस चालली.

बाकावरचा_राखीव

ती झेरॉक्सवाली ना! मी तेव्हा दिल्लीत एमएला होतो, सांगू द्या मला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस म्हणून छोटंसं दुकान. प्राध्यापक सिलॅबसप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं सांगायचे, दुकानदार ती एकत्र बांधून कोर्सपॅक करून विकायचा. २०१२ ला ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तिघांनी दुकानावर आणि विद्यापीठावर केस टाकली. आमच्यातल्या कित्येकांना एका पुस्तकाची किंमत म्हणजे महिन्याची मेस. मजा म्हणजे ज्यांची पुस्तकं त्या पॅकात होती त्यातल्या काही लेखकांनीच प्रकाशकांना पत्र लिहिलं की आमच्या नावाने हे करू नका, अमर्त्य सेन यांनीसुद्धा लिहिलं होतं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी केस फेटाळली. त्यांचं म्हणणं साधारण असं की विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घेत होते तेव्हा तो गुन्हा नव्हता, आता तेच यंत्राने होतं म्हणून तो गुन्हा कसा होईल. निकाल आला त्या दिवशी ग्रुपवर जो काही जल्लोष होता.

कायद्याचं_बोला

पुढचं अर्धं मी पुरवतो कारण लोक तिथेच थांबतात. प्रकाशक अपिलात गेले, ९ डिसेंबर २०१६ ला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मुद्दा पक्का केला की शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं, किती टक्के हा प्रश्नच नाही, आणि 'शिकवण्याच्या ओघात' म्हणजे फक्त फळ्यासमोरची पस्तीस मिनिटं नाहीत. पण अख्खं पुस्तक झेरॉक्स करणं चालेल का, आणि त्या पॅकातलं सगळं खरंच शिकवण्यासाठी लागत होतं का, हे पुरावे बघून ठरवा म्हणून केस परत खाली पाठवली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी केसच मागे घेतली. प्रकाशकांच्या बाजूची परवाना संस्था सुप्रीम कोर्टात गेली, तिथेही त्याच वर्षी तिची याचिका फेटाळली गेली. म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा प्रश्न आजही तसाच लोंबकळतोय. शिवाय निकाल दिल्ली हायकोर्टाचा, मुंबईवर बंधनकारक नाही, वजन मात्र भरपूर.

मशीनवाले_काका

पुण्यात कॉलेजसमोर वीस वर्षं झेरॉक्सचं दुकान आहे. बारावीनंतर शिकलो नाही पण ही केस पाठ आहे, तेव्हा आम्ही सगळे दुकानदार हबकलो होतो. माझा नियम सांगतो. प्रकरण आणा, दोन आणा, देतो. अख्खं पुस्तक, तेही बाजारात मिळतंय ते, स्पायरल मारून दहा प्रती म्हणाले की मशीन बिघडलंय म्हणतो. पुस्तक मिळतच नसेल, संपलेलं असेल, सर स्वतः येऊन सांगत असतील, तर मग बघतो. आता तर पोरं येतच नाहीत हो, सगळं टेलिग्रामवरनं पीडीएफ. आमचा धंदा प्रकाशकांनी नाही मोबाइलने बसवला.

शाईचा_डाग

इतका वेळ गप्प होतो. मी मुलांसाठी मराठी पुस्तकं काढतो, प्रकाशन म्हणजे मी, बायको आणि एक टेम्पोवाला ओळखीचा. हजाराची आवृत्ती संपायला चार वर्षं लागतात. मागच्या वर्षी माझं एक विज्ञानकोड्यांचं पुस्तक अख्खं स्कॅन होऊन शिक्षकांच्या ग्रुपवर फिरलं, वर कुणीतरी स्वतःच्या शाळेचा शिक्का मारलेला आणि लेखिकेचं नाव असलेलं पान काढून टाकलेलं. लेखिकेलाच ते फॉरवर्ड होऊन आलं, 'मॅडम खूप छान पीडीएफ आहे, तुमच्या नातवाला द्या'. ती रडली हो फोनवर.

इथे सगळे कायदा किती उदार आहे याचा आनंद साजरा करताय, ठीके. ऑक्सफर्ड-केंब्रिजला काही फरक पडत नाही. दीडशे रुपयांच्या मराठी पुस्तकाला पडतो. शाळेने तीन प्रती ग्रंथालयात घेतल्या असत्या तरी माझं त्या महिन्याचं छपाईचं बिल सुटलं असतं.

पत्रावळ

वाईट वाटलं वाचून. खोटं नाही बोलत, ती पीडीएफ माझ्याकडेपण आलीय बहुतेक, कोड्यांची. आम्हाला खरंच वाटतं ती कुणीतरी शिक्षकांसाठी मोफत केलीये, कारण नावच नसतं ना त्यावर.

खडूची_धूळ

शाईदादा, मी तुमच्या बाजूची आहे आणि तरी माझ्या बाजूची पण आहे, कसं सांगू. माझ्याकडे ग्रंथालयाला येणारं अनुदान बघाल तर हसाल. पण एका कोड्याची झेरॉक्स वर्गात वाटणं आणि पुस्तक स्कॅन करून पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकणं यातला फरक मला कळतो, आणि नाव कापणं तर सरळसरळ चोरी.

कायद्याचं_बोला

नाव कापणं याला वेगळं कलम आहे, ५७. लेखकाने सगळे हक्क विकले तरी 'हे मी लिहिलंय' म्हणायचा हक्क त्याच्याकडेच राहतो. आणि टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरचं अख्खं पुस्तक ५२(१)(आय) मध्ये बसवायला मी तरी कोर्टात उभा राहणार नाही. तुमच्या वर्गातल्या पोरांना दिलं तर शिकवणं, राज्यभरच्या ग्रुपला दिलं तर ते वाटप.

शाईचा_डाग यांनी नोटीस पाठवायला हवी होती. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शाईचा_डाग

शिक्षकांवर नोटीस पाठवू? तेच तर माझे गिऱ्हाईक आहेत.

मांडवीवरून

गोव्यातून थोडं अवांतर. शाळेचं कलम निदान स्वच्छ आहे. आमच्याकडे लग्नातल्या गाण्यांवरून जे रामायण झालं, धार्मिक विधीत, लग्नाच्या वरातीत गाणी लावली तर भंग नाही असंही त्याच ५२ मध्ये एक पोटकलम आहे, त्यावर राज्य सरकारने परिपत्रक काढलं की हॉटेलवाल्यांनी-कंपन्यांनी पैसे मागू नयेत, आणि हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २०२४ ला ते परिपत्रकच रद्द केलं, कायद्याचा अर्थ लावणं तुमचं काम नाही म्हणून. सांगायचं कारण, परिपत्रक आणि सूचना वही दोन्हींवर आंधळा विश्वास नको, मूळ कलम वाचा.

तिसरी_घंटा

एकांकिका-नाटकवाल्यांसाठी लिहितो कारण इथे शाळा-कॉलेज सगळेच चुकतात. गॅदरिंगमध्ये, शाळेच्या आवारात, पालकांसमोर नाटक केलंत, 'जे' लागू. तेच नाटक घेऊन आंतरशालेय स्पर्धेला, नाट्यगृहात, तिकीट लावलेल्या प्रेक्षकांसमोर गेलात की बाहेर. तिथे लेखकाचं परवानगीपत्र लागतं, बहुतेक स्पर्धा ते अर्जासोबतच मागतात. आणि मानधन द्या हो. लेखकाला फोन केला की निम्मे जण म्हणतात 'शाळेचं आहे ना, करा'. पण विचारलं की म्हणतात, न विचारता केलेलं पेपरात वाचलं की मग भडकतात, आणि मी तर भडकतोच, माझी एक एकांकिका तीन जिल्ह्यांत परस्पर झालीय, एकीकडे तर शेवट बदलून. सुखान्त केला मेल्यांनी.

स्पर्शलिपी

दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. आमच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीत ५२(१)(झेडबी) आलं, अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करणं, ब्रेल, ऑडिओ, मोठी अक्षरं, काहीही, परवानगी न घेता, नफा न कमावता. अख्खं पुस्तक. त्याआधी आम्ही प्रकाशकांना पत्रं लिहून लिहून थकायचो, उत्तरच यायचं नाही. पुढे माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार झाला २०१३ ला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. फारसं कुणाला माहीत नसतं. नॉर्मल शाळांत एखादं कमी दिसणारं मूल असेल तर त्याच्यासाठी पुस्तकाची मोठी झेरॉक्स काढायला घाबरू नका, ही विनंती.

सायलेन्स_झोन

बालभारतीचं काय? पीडीएफ तर फुकट मिळते साइटवर, मग ते कॉपीराइट फ्री ना?

तारीखपेतारीख

फुकट वेगळं, फ्री वेगळं. पहिल्या पानांवर सर्व हक्क मंडळाकडे राहतील असं स्पष्ट छापलेलं असतं. वाचा, वर्गात दाखवा, पान झेरॉक्स करा. त्यावर स्वतःचं गाइड छापून विकायचं म्हटलं तर मंडळ विचारणारच.

खरंच मोकळं हवं असेल तर मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेली पुस्तकं टाईप करून ठेवलीत लोकांनी. लहान वर्गांना गोष्टी हव्यात तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, तिथे मराठीतपण भरपूर आहेत आणि परवाना असा की छापा, बदला, वाटा, फक्त नाव द्या. शाईदादांचं पुस्तक चोरण्यापेक्षा हे बरं.

बाकावरचा_राखीव

नेटफ्लिक्सवरनं वर्गात सिनेमा दाखवला तर? आमच्या मॅडम त्यांच्या अकाउंटवरून दाखवायच्या.

कायद्याचं_बोला

कॉपीराइटचा भंग होणार नाही, 'जे' आहेच. पण अकाउंट घेताना तुम्ही 'वैयक्तिक वापरासाठी' या अटीला हो म्हटलेलं असतं, तो तुमचा आणि त्यांचा करार. काही माहितीपट ते शाळांना एकदा दाखवायची मोकळीक देतात, तसं त्यांच्या साइटवर लिहिलेलं असतं. पेनड्राइव्हमधल्या 'कुठूनतरी आलेल्या' प्रिंटपेक्षा डीव्हीडी किंवा अधिकृत चॅनेलवरचा सिनेमा कधीही चांगला. दाखवायची सूट मिळाली म्हणून चोरीची प्रत पांढरी होत नाही.

खडूची_धूळ

अपडेट द्यायला आलेय, दहा-बारा दिवस झाले, मध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत होते.

कलम ५२ ची ती दोन पोटकलमं प्रिंट काढून (बाहेरून, दोन रुपये देऊन) हेडसरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून वाचलं, घालून वाचलं, मग म्हणाले हे तुम्हाला कुणी सांगितलं. इंटरनेटवरच्या वकिलांनी म्हटलं असतं तर परत ड्रॉवर बंद झाला असता म्हणून मी 'कायद्यात आहे सर' एवढंच म्हटलं. त्यांनी संस्थेच्या वकिलांना फोन लावला, ते म्हणाले बाई बरोबर बोलतायत. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता पण माणूस वाईट नाहीये, घाबरलेला होता फक्त. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि पेन्शनची फाइल म्हणजे काय असतं ते शिक्षकांनाच कळेल.

मग मीच आमच्यापुरती वेगळी सूचना लिहून दिली. वर्गात आणि गॅदरिंगला चालेल. गॅदरिंगचं फेसबुक लाइव्ह शाळेच्या पेजवरून बंद, फोटो टाकायचे (पालक आपापल्या मोबाइलवरून करणारच आहेत, त्यांना कोण अडवणार). झेरॉक्स लागेल तेवढीच, खाली पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. दुसऱ्याचं अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकायचं नाही. शेवटच्या मुद्द्यावर स्टाफरूममध्ये जरा कुरकुर झाली, ती मी अपेक्षितच धरली होती.

आणि शाईदादा, ग्रंथालयाच्या यंदाच्या यादीत तुमच्या कोड्यांच्या पुस्तकाच्या पाच प्रती घातल्यात. व्यनित पत्ता द्या, चेक येईल, कधी येईल ते विचारू नका.

व्हिडिओतलं गाणं म्यूट केलं. मधले तीन मिनिटं आता नुसती डोळे मिटलेली पोरं दिसतात, आवाजच नाही, तरी बघवतं.

किल्ली परत शिपाई मामांकडे आलीय, फक्त आता एक रजिस्टर ठेवलंय तिथे. पहिली नोंद माझी: इयत्ता नववी, उतारा एक, प्रती ६२, आणि 'कारण' च्या रकान्यात मी 'शिकवण्यासाठी' असं लिहिलंय.

आगाऊ_कार्टं

शेरा येणार बघा बाई, 'कारण सविस्तर नमूद करावे'.